'ओन्ली' आणि आपला 'च'

इंग्रजी भाषेतील अवघड शब्द कोणते असे विचारले, तर आपण बहुतेक जण लांबलचक, उच्चाराला कठीण असे शब्द सांगू. परंतु तसे शब्द आपला फारसा घात करीत नाहीत. ते आले की आपण सावध होतो, शब्दकोश उघडतो, अर्थ पाहतो आणि पुढे जातो. घात करतात ते लहान, रोजच्या ओळखीचे शब्द. 'ओन्ली' हा त्यांपैकीच एक. पाचवीतल्या मुलालाही त्याचा अर्थ ठाऊक असतो: फक्त, केवळ. आणि तरीही पदवीच्या उत्तरपत्रिकेत, नोकरीच्या अर्जात, ग्रंथालयाच्या सूचनाफलकावर हा शब्द चुकीच्या जागी बसून वाक्याचा अर्थ बदलून टाकताना दिसतो.

'आय ॲम लाइक धिस ओन्ली', 'आय टोल्ड यू यस्टर्डे ओन्ली' अशी वाक्ये आपल्या तोंडी सहज येतात. त्यांची थट्टाही पुष्कळ होते. पण थट्टेने काही शिकता येत नाही. ही वाक्ये अशीच का होतात, त्यांमागे कोणता विचार असतो आणि तो विचार इंग्रजीत नेमका कोठे अडखळतो, हे पाहिले तर इंग्रजीबरोबर आपली मराठीही थोडी अधिक कळते. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

१. शब्दाचे मूळ

'ओन्ली' हा शब्द मूळ 'वन' म्हणजे एक या शब्दापासून निघाला आहे. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप 'आनलिक' असे होते. 'आन' म्हणजे एक आणि 'लिक' म्हणजे सारखा, त्या रूपाचा. म्हणजे 'ओन्ली'चा शब्दशः अर्थ 'एकासारखा, एकटा' असा होतो. 'स्लोली', 'बॅडली' यांसारख्या क्रियाविशेषणांच्या शेवटी येणारा 'ली' त्याच घराण्यातला. 'अलोन' हा शब्दही 'ऑल' आणि 'वन' यांच्या जोडीतून झाला आहे. उच्चार इतके बदलले की हे नाते आता कानाला जाणवत नाही, एवढेच.

मूळ अर्थ विशेषणात स्वच्छ टिकून आहे. 'ॲन ओन्ली सन' म्हणजे एकुलता एक मुलगा. गंमत अशी की आपल्या 'एकुलता' शब्दातही 'एक' बसलेलाच आहे. मात्र विशेषण आणि क्रियाविशेषण यांच्यात गल्लत करू नये. 'शी इज ॲन ओन्ली चाइल्ड' म्हणजे ती आईबापांची एकुलती एक मुलगी. 'शी इज ओन्ली अ चाइल्ड' म्हणजे ती अजून लहान आहे, तिला काय कळते! दोन्ही वाक्यांत शब्द तेच आहेत, फक्त 'ॲन' किंवा 'अ' आणि 'ओन्ली' यांनी आपापल्या जागा बदलल्या आहेत. तेवढ्याने पहिल्या वाक्यातील पन्नाशीची बाई दुसऱ्या वाक्यात पाच वर्षांची होते.

२. जागा बदलली की अर्थ बदलतो

'ओन्ली'ची खरी करामत जागेत आहे. एक साधे वाक्य घेऊ: 'शालिनी लेंट थ्री बुक्स टू मीना यस्टर्डे.' शालिनीने काल मीनाला तीन पुस्तके वाचायला दिली. आता या वाक्यात 'ओन्ली' फिरवून पाहू.

'ओन्ली शालिनी लेंट थ्री बुक्स टू मीना यस्टर्डे.' शालिनीनेच दिली, दुसऱ्या कोणी दिली नाहीत.

'शालिनी ओन्ली लेंट थ्री बुक्स टू मीना यस्टर्डे.' नुसती वाचायला दिली, कायमची देऊन टाकली नाहीत.

'शालिनी लेंट ओन्ली थ्री बुक्स टू मीना यस्टर्डे.' तीनच दिली, चौथे दिले नाही.

'शालिनी लेंट थ्री बुक्स ओन्ली टू मीना यस्टर्डे.' मीनालाच दिली, इतर मैत्रिणींना नाही.

'शालिनी लेंट थ्री बुक्स टू मीना ओन्ली यस्टर्डे.' कालच तर दिली, इतक्यात परत कशी मागायची?

मराठीत हेच सांगताना आपण काय करतो? शब्दांचा क्रम फारसा हलवीत नाही. 'च' उचलतो आणि हव्या त्या शब्दाला चिकटवतो: शालिनीनेच, तीनच, मीनालाच, कालच. आपला 'च' ज्या शब्दाला लागतो त्याचाच असतो. त्याबद्दल वाचकाच्या मनात शंका उरत नाही. व्याकरणाच्या पुस्तकांत त्याला शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणतात, कारण तो शब्दाला जोडून येतो पण शब्दाचे सामान्यरूप करीत नाही. 'ओन्ली'ला असे चिकटणे माहीत नाही. तो सुटा उभा राहतो आणि त्याचे बोट कोणाकडे आहे ते वाचकाला ओळखावे लागते.

वरील पाच वाक्यांपैकी दुसरे वाक्य पुन्हा वाचावे. आपण त्याचा अर्थ 'नुसती वाचायला दिली' असा केला. परंतु इंग्रज माणूस बोलताना हेच वाक्य 'तीनच दिली' किंवा 'मीनालाच दिली' या अर्थानेही वापरील. क्रियापदापूर्वीची जागा ही त्या भाषेत 'ओन्ली'ची नेहमीची बैठक आहे. तेथे बसून तो पुढच्या कोणत्याही शब्दाकडे बोट दाखवू शकतो. कोणत्या शब्दाकडे, हे बोलणारा आवाजाच्या आघाताने सांगतो. 'थ्री'वर जोर दिला की तीनच, 'मीना'वर दिला की मीनालाच. म्हणजे जे काम मराठीत 'च' करतो, ते काम इंग्रजी बोलण्यात आघात करतो.

कागदावर आघात उमटत नाही, आणि वादाला सुरुवात तेथूनच होते. हा वाद जुना आहे. १७६२ साली रॉबर्ट लौथ यांनी आपल्या छोट्या इंग्रजी व्याकरणात क्रियाविशेषण ज्या शब्दाशी संबंधित असेल त्याच्या शेजारी असावे असे सांगितले आणि 'ओन्ली'ची भलती जागा हे त्याचे उदाहरण दिले. पुढे शाळामास्तरांनी त्याचा कडक नियम केला. १९२६ साली फाउलर यांनी आपल्या प्रसिद्ध कोशात या कडकपणाची हजेरी घेतली. जेथे गैरसमजाला वाव नाही तेथे 'ओन्ली' क्रियापदापूर्वी ठेवणे हा इंग्रजीचा स्वभाव आहे, त्याला उगाच छळू नये, असा त्यांचा रोख होता. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांचे सहकारी यांच्या १९८५ च्या मोठ्या व्याकरणातही अशा शब्दांचा स्वतंत्र गट करून त्यांची जागा आणि आघात यांचा एकत्र विचार केलेला आहे.

आपण विद्यार्थ्यांनी यातून घ्यायचा धडा सोपा आहे. बोलताना जागेची फार चिंता करू नये, आघात बरोबर द्यावा. लिहिताना मात्र 'ओन्ली' ज्या शब्दाचा आहे त्याच्या अगदी शेजारी ठेवावा. याचे महत्त्व सूचना लिहिताना कळते. ग्रंथालयाच्या फलकावर 'स्टुडंट्स मे ओन्ली बॉरो बुक्स ऑन सॅटरडेज' असे लिहिले तर त्याचे निदान तीन अर्थ होतात. पुस्तके शनिवारीच मिळतील. शनिवारी पुस्तकेच मिळतील, मासिके मिळणार नाहीत. शनिवारी पुस्तके नेता येतील, परत करता येणार नाहीत. शनिवारी पुस्तक परत करायला आलेल्या विद्यार्थ्याला खिडकीवरून परत पाठवले आणि सोमवारी उशिराचा दंड मागितला, तर भांडण या एका शब्दावरून होईल आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर असतील. 'स्टुडंट्स मे बॉरो बुक्स ऑन सॅटरडेज ओन्ली' असे लिहिले की प्रश्न मिटतो.

येथे एक गोष्ट लक्षात यावी. 'ओन्ली' शब्दाच्या मागे ठेवणे इंग्रजीला मुळीच वर्ज्य नाही. 'लेडीज ओन्ली', 'फॉर ऑफिस यूज ओन्ली' असे लिखाण शुद्ध इंग्रजीच आहे. तेव्हा 'यस्टर्डे ओन्ली' या रचनेचा दोष केवळ 'ओन्ली' मागे आला हा नाही. दोष अर्थात आहे. त्याकडे पुढे वळू.

३. अर्थाच्या निरनिराळ्या छटा

धनादेशावर 'रुपीज वन लॅख ओन्ली' असे लिहितात. एक लाख रुपये काही 'फक्त' म्हणण्याइतके थोडे नव्हेत. येथे 'ओन्ली' रक्कम लहान आहे असे सांगत नाही. रक्कम येथे संपली, यापुढे कोणी काही जोडू नये, असे कुलूप तो घालतो. आपणही 'अक्षरी रुपये एक लाख फक्त' असेच लिहितो. 'फक्त' हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द. उर्दू पत्रांच्या शेवटीही मजकूर संपला हे दाखवण्यासाठी 'फकत' लिहिण्याची रीत होती. थोडेपणा सांगणारा आणि शेवट बांधणारा असे दोन्ही अर्थ या शब्दात आणि 'ओन्ली'त सारखेच नांदतात.

काळाच्या बाबतीत 'ओन्ली' फार फसवा आहे. 'इट इज ओन्ली फाइव्ह' म्हणजे पाचच वाजले आहेत, अजून वेळ आहे. परंतु 'ही गॉट अप ओन्ली ॲट फाइव्ह' म्हणजे तो उठला तोच पाच वाजता, त्यापूर्वी उठलाच नाही, म्हणजे उशीर झाला. आता मराठी 'तो पाचलाच उठला' हे वाक्य पाहावे. आपल्याला त्यात पहाट दिसते. इतक्या लवकर उठला, असे कौतुक दिसते. म्हणजे त्याच जागी 'च'चा अर्थ लवकर आणि 'ओन्ली'चा अर्थ उशिरा! उशीर सांगायचा असेल तर मराठीत आपण 'च' टाकून देतो आणि 'कुठे' आणतो: 'तो दहा वाजता कुठे उठला', 'आत्ता कुठे पाऊस थांबला'. हा 'कुठे' म्हणजेच इंग्रजीतील काळाचा 'ओन्ली'. उलट 'पाचलाच उठला' याला इंग्रजीत 'ॲज अर्ली ॲज फाइव्ह' असे काही म्हणावे लागेल. हा फरक न कळल्याने भाषांतराच्या प्रश्नात मेहनती मुलगा आळशी ठरतो.

'ओन्ली' आणि 'जस्ट' जोडीने आले की अर्थ नुकताच किंवा जेमतेम असा होतो. 'ही हॅज ओन्ली जस्ट कम' म्हणजे तो नुकताच आला आहे. 'ही ओन्ली जस्ट पास्ड' म्हणजे तो कसाबसा पास झाला.

'ओन्ली टू' या जोडीत तर मर्यादा घालणारा हा शब्द मर्यादा ओलांडतो. 'आय शॅल बी ओन्ली टू ग्लॅड टू कम' म्हणजे यायला मला फारच आनंद वाटेल. 'इट इज ओन्ली टू ट्रू' म्हणजे दुर्दैवाने ते अगदी खरे आहे. येथे 'फक्त' किंवा 'केवळ' घालून पाहावे, वाक्य बसणार नाही.

'इफ ओन्ली' आणि 'ओन्ली इफ' ही दोन रूपे विद्यार्थ्यांना हमखास चकवतात. 'इफ ओन्ली ही हॅड स्टडीड!' हा उद्गार आहे: त्याने अभ्यास केला असता तर! त्यात हळहळ आहे. 'ओन्ली इफ' ही अट आहे: तरच. या 'तरच'कडे तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे. 'शुल्क भरले तर प्रवेश मिळेल' आणि 'शुल्क भरले तरच प्रवेश मिळेल' ही दोन विधाने एक नव्हेत. पहिल्यात शुल्क भरणाऱ्याला प्रवेशाचे आश्वासन आहे. दुसऱ्यात तसे काही नाही. न भरल्यास मिळणार नाही, इतकेच त्यात सांगितले आहे. भरूनही मिळेलच असे नाही. इंग्रजीतही 'इफ' आणि 'ओन्ली इफ' यांत नेमका हाच फरक आहे. अर्जाच्या छापील अटी वाचताना हा भेद ध्यानात ठेवला तर पुष्कळ मनस्ताप वाचतो.

'ओन्ली'च्या पुढे 'टू' आणि क्रियापद आले की आणखी एक वेगळा अर्थ निघतो. 'ही रॅन टू द स्टेशन, ओन्ली टू फाइंड दॅट द ट्रेन हॅड लेफ्ट.' याचे भाषांतर 'गाडी सुटली आहे हे केवळ पाहण्यासाठी तो धावत गेला' असे केलेले आढळते. गाडी सुटलेली पाहायला कोण धावत जाईल? येथे हेतू नाही, अपेक्षाभंग आहे. मराठीत त्याला सुरेख रचना आहे: 'तो धावत स्टेशनवर गेला आणि पाहतो तो काय, गाडी सुटलेली!' कादंबऱ्यांतून ही रचना वारंवार येते. तेव्हा ती ओळखता आली पाहिजे.

शेवटची छटा उभयान्वयी अव्ययाची. 'आय वुड कम, ओन्ली आय हॅव नो मनी.' मी आलो असतो, पण पैसे नाहीत. बोलीतील ही रचना 'बट'च्या जवळ जाते. हा बदल इंग्रजीचे काही खास वैशिष्ट्य नाही. आपला 'मात्र' अगदी याच वाटेने गेला आहे. संस्कृतात 'क्षणमात्र', 'नाममात्र' या शब्दांत 'मात्र' म्हणजे केवळ तेवढेच. मराठीत 'तो आला, बोलला मात्र नाही' असे म्हणताना त्याच 'मात्र'चा अर्थ 'पण' होतो. एवढे सोडून बाकी सारे ठीक, असे सांगता सांगता मर्यादेचा शब्द विरोधाचा शब्द होतो. एकमेकींपासून इतक्या दूर वाढलेल्या दोन भाषांनी एकच वळण घ्यावे, ही मौजेची गोष्ट आहे.

४. दोन रचनांविषयी

वाक्याच्या आरंभी 'ओन्ली' आला आणि तो काळ, स्थळ किंवा अट सांगणाऱ्या शब्दांना लागत असेल, तर पुढे कर्ता आणि साहाय्यक क्रियापद यांची अदलाबदल होते. 'ओन्ली देन डिड आय अंडरस्टँड.' तेव्हा कुठे मला कळले. 'ओन्ली व्हेन द बेल रँग डिड ही स्टॉप.' घंटा झाली तेव्हाच तो थांबला. पण 'ओन्ली' कर्त्यालाच लागत असेल तर अदलाबदल होत नाही: 'ओन्ली मीना अंडरस्टूड.'

'नॉट ओन्ली' आणि 'बट ऑल्सो' यांच्या मागे समान वजनाचे शब्द यावेत. 'शी स्पीक्स नॉट ओन्ली मराठी बट ऑल्सो कन्नड' हे वाक्य तोललेले आहे. 'शी नॉट ओन्ली स्पीक्स मराठी बट ऑल्सो कन्नड' यात एका बाजूला क्रियापद आणि दुसऱ्या बाजूला नाम, म्हणून पारडे वाकडे होते. मराठीत 'ती मराठीच नव्हे तर कन्नडही बोलते' असे म्हणताना ही चूक होऊच शकत नाही, कारण 'च' आणि 'ही' आपापल्या नामांना घट्ट धरून असतात.

आणखी एक. 'फक्त दोनच' असे आपण सहज म्हणतो. अवधारणाचे दोन शब्द लागोपाठ आले तरी मराठीला ते खटकत नाही. इंग्रजीत भाषांतर करताना 'ओन्ली' एकदाच येतो.

५. 'एव'चा विचार

आता मुख्य प्रश्न. मराठी 'च' आणि इंग्रजी 'ओन्ली' यांचे क्षेत्र एकच आहे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला परदेशी व्याकरणाकडे जाण्याची गरज नाही. जुन्या मराठीत, ज्ञानेश्वरीच्या भाषेत, 'च' हा 'चि' या रूपात दिसतो. माहाराष्ट्री प्राकृतात त्याच अर्थाने 'च्चिअ' येतो. आणि संस्कृतात हेच काम 'एव' करतो. या 'एव'चा अतिशय सूक्ष्म विचार भारतीय तर्कशास्त्रज्ञांनी केलेला आहे. सातव्या शतकातील बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनी 'एव'ची तीन कामे सांगितली. 'एव' काहीतरी वगळतो, पण प्रत्येक वेळी वगळण्याची गोष्ट निराळी असते. या वगळण्याला व्यवच्छेद म्हणतात. परंपरेतील उदाहरणे मराठीत मांडू.

पहिले: अर्जुनच धनुर्धर आहे. येथे 'च' कर्त्याला लागला. इतर कोणी त्याच्या तोडीचा धनुर्धर नाही, असा अर्थ. दुसऱ्यांचा संबंध वगळला, म्हणून हा अन्ययोगव्यवच्छेद.

दुसरे: चैत्र धनुर्धरच आहे. चैत्राला धनुष्य चालवता येते की नाही अशी कोणाला तरी शंका होती. ती दूर केली. जगात दुसरे धनुर्धर असतील, त्याबद्दल काही म्हणणे नाही. संबंध नसण्याची शक्यता वगळली, म्हणून हा अयोगव्यवच्छेद.

तिसरे: कमळ निळे असतेच. प्रत्येक कमळ निळे असते असे नव्हे आणि कमळच निळे असते असेही नव्हे. निळे कमळ मुळी असतच नाही, असे म्हणणाऱ्याला हे उत्तर आहे. अजिबात संबंध नसणे वगळले, म्हणून हा अत्यंतायोगव्यवच्छेद.

आता ही तीन वाक्ये इंग्रजीत करून पाहावीत. पहिल्यात 'ओन्ली' बरोबर बसतो: 'ओन्ली अर्जुन इज ॲन आर्चर.' दुसऱ्यात 'चैत्र इज ॲन आर्चर ओन्ली' असे केले तर अर्थ पार उलटतो. चैत्र नुसता धनुर्धर आहे, त्यापलीकडे त्याला काही येत नाही, असे ऐकणाऱ्याला वाटते. आपल्याला तर त्याचे कौशल्य ठासून सांगायचे होते! तेथे 'चैत्र इज इनडीड ॲन आर्चर' असे हवे. तिसऱ्यात 'ओन्ली'ला जागाच नाही. तेथे 'डू' या साहाय्यक क्रियापदावर जोर देऊन 'ब्लू लोटसेस डू एक्झिस्ट' असे म्हणावे लागते.

म्हणजे आपल्या 'च'च्या तीन कामांपैकी 'ओन्ली' प्रामुख्याने एकच करतो: इतरांना वगळणे. उरलेली दोन कामे, शंका दूर करणे आणि ठासून सांगणे, इंग्रजीत 'इनडीड', 'व्हेरी', 'जस्ट', 'इटसेल्फ', साहाय्यक क्रियापद आणि सर्वांत अधिक म्हणजे आवाजाचा आघात यांच्यात वाटली गेली आहेत. आपण त्या सर्वांच्या बदली एकटा 'ओन्ली' उभा करतो.

६. आपल्या 'ओन्ली'ची परीक्षा

हे सूत्र हाती धरून आपल्या तोंडची वाक्ये तपासू. 'ही इज इन द हाउस ओन्ली.' मनात 'तो घरातच आहे' असते. बाहेर गेला असेल अशी समोरच्याची कल्पना होती, ती खोडायची होती. हे दुसरे काम झाले. इंग्रजीत 'ही इज ॲट होम' म्हणून 'इज'वर जोर दिला की पुरे. 'आय टोल्ड यू यस्टर्डे ओन्ली.' मनात 'मी तुला कालच सांगितले' असते, म्हणजे आज नव्हे, आधीच सांगितले. इंग्रज वाचकाला मात्र वाटेल की काल सांगितले, इतर कोणत्या दिवशी नाही. 'धिस ओन्ली इज माय बुक.' मनात 'हेच माझे पुस्तक' असते. इंग्रजीत 'धिस इज द व्हेरी बुक' किंवा 'धिस इज माय बुक' म्हणून 'धिस'वर आघात. 'आय ॲम लाइक धिस ओन्ली.' मनात 'मी असाच आहे' असते. इंग्रजीत 'दॅट इज जस्ट द वे आय ॲम.'

हा प्रकार एकट्या मराठी माणसाचा नाही. हिंदीत 'ही', गुजरातीत 'ज', तमिळमध्ये 'तान' असे शब्दामागे येणारे अवधारणाचे शब्द आहेत. म्हणून देशभर इंग्रजीत 'ओन्ली' अशा रीतीने वाढला. ब्रज काचरू यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांनी भारतीय इंग्रजीचा अभ्यास करताना तिला बिघडलेले इंग्रजी न मानता स्वतःची घडण असलेले रूप मानले. त्यांचे १९८३ चे पुस्तक इंग्रजीच्या भारतीयीकरणावरच आहे. ही भूमिका समजून घेण्यासारखी आहे. आपसात बोलताना 'यस्टर्डे ओन्ली' म्हटले तर सगळ्यांना कळते, आणि जे सगळ्यांना कळते त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही.

पण लिखाण दूर जाते. अर्ज वाचणारा, उत्तरपत्रिका तपासणारा किंवा परदेशातून पत्राला उत्तर देणारा माणूस आपला 'च' जाणत असेलच असे नाही. 'आय वर्क्ड इन धिस कॉलेज ओन्ली' असे अनुभवाच्या रकान्यात लिहिणाऱ्याला 'याच महाविद्यालयात काम केले' असे अभिमानाने सांगायचे असते. वाचणारा समजतो की याला दुसरीकडचा अनुभव नाही. असा उमेदवार मागे पडला तर त्याला कारणही कळणार नाही.

७. समारोप

तेव्हा 'ओन्ली' लिहिण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. मी काही वगळतो आहे काय? वगळत असेन तर नेमके काय वगळतो आहे? आणि ज्या शब्दामुळे ते वगळले जाते, त्याच्या शेजारी 'ओन्ली' बसला आहे काय? पहिल्याच प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आले, तर 'ओन्ली' नको. 'च'साठी इंग्रजीत दुसरा शब्द शोधावा किंवा आवाजावर भिस्त ठेवावी.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्याकडील अनेक पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्यावरून इंग्रजी वाक्य करण्याची ती पद्धत जुनी झाली असे म्हणतात. पण दोन भाषा अशा समोरासमोर ठेवल्या, तर एकीतील शब्द दुसरीच्या उजेडात स्वच्छ दिसतो, हा त्या पद्धतीचा गुण अजूनही खरा आहे. 'ओन्ली'चा माग काढता काढता आपल्या 'च'मध्ये केवढा अर्थ भरला आहे हे दिसले. 'ईव्हन' आणि आपला 'सुद्धा', 'स्टिल' आणि आपला 'अजून', 'ऑल्सो' आणि आपला 'ही' यांच्या जोड्याही अशाच तपासण्यासारख्या आहेत. पुढील अंकासाठी कोणी विद्यार्थिमित्राने यांपैकी एखादी जोडी अवश्य घ्यावी.